अँबॅसॅडरचे इनटेक मॅनिफोल्ड: दोष कार्बोरेटरचा नसतो तेव्हा

जुनी पेट्रोल अँबॅसॅडर सिग्नलला थरथरू लागली, चोक आत ढकलताच बंद पडू लागली किंवा स्लोवर, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना, एक-दोन सिलिंडर मिसिंग मारू लागले, की गॅरेजमध्ये सर्वप्रथम हात लागतो तो कार्बोरेटरला. तो उघडला जातो, जेट साफ होतात, सुई बदलली जाते, मिक्श्चरचा नट फिरवून कशीबशी स्लो बसवली जाते आणि महिन्याभरात गाडी पुन्हा त्याच तक्रारीसह दारात उभी राहते. माझ्या अनुभवात अशा गाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांचा कार्बोरेटर निर्दोष असतो आणि खरा दोष त्याच्या पलीकडे, इनटेक मॅनिफोल्ड (कार्बोरेटरमधले मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा फाटे असलेला नळ) आणि इंजिनाचे हेड यांच्या सांध्यात असतो. तो सांधा नीट समजून घेतला नाही तर नवे मॅनिफोल्ड आणि नवे पॅकिंग लावूनही काही साधत नाही, म्हणून हे काम मी शक्य तितक्या तपशिलाने लिहीत आहे.

माझी गाडी १९७२ सालची मार्क २ आहे. तिच्यात १४८९ सीसीचे ओव्हरहेड व्हॉल्व्हचे इंजिन आहे. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या बी-सिरीज कुटुंबातले हे इंजिन, त्याच कुटुंबातले इंजिन मॉरिस ऑक्सफर्डमध्ये आणि एमजीए या स्पोर्ट्स कारमध्येही होते. पश्चिम बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबॅसॅडर २०१४पर्यंत तयार होत राहिली. पुढच्या काळात तिला इसुझूची इंजिनेही बसली, पण या लेखातील सगळे वर्णन जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाचे आणि एस.यू. कार्बोरेटरच्या गाडीचे आहे.

या इंजिनाच्या हेडची रचना आजच्या इंजिनांपेक्षा अगदी वेगळी आहे. सिलिंडर चार असले तरी हेडला बाहेरून दिसणारी तोंडे पाचच आहेत, आणि ती सगळी एकाच बाजूला आहेत. पुढून मागे पाहत गेले तर पहिले तोंड पहिल्या सिलिंडरच्या एक्झॉस्टचे, दुसरे पहिल्या व दुसऱ्या सिलिंडरच्या सामाईक इनटेकचे, तिसरे दुसऱ्या व तिसऱ्याच्या सामाईक एक्झॉस्टचे, चौथे तिसऱ्या व चौथ्याच्या सामाईक इनटेकचे आणि शेवटचे चौथ्याच्या एक्झॉस्टचे. म्हणजे चार सिलिंडर मिळून इनटेकची तोंडे दोनच. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेट घेण्याचा क्रम) १-३-४-२ असल्यामुळे दुसऱ्या सिलिंडरने मिश्रण ओढल्यानंतर लगेच पहिला त्याच तोंडातून ओढतो, मग ते तोंड स्वस्थ राहते आणि पलीकडच्या तोंडातून तिसरा व चौथा पाठोपाठ ओढतात.

निदानाची किल्ली इथेच आहे. मॅनिफोल्डच्या सांध्यातून हवा शिरत असेल तर ती एका सिलिंडरला त्रास देऊन थांबत नाही. त्या तोंडावर अवलंबून असलेल्या शेजारच्या जोडीला देते. प्लग काढून क्रमाने मांडले आणि पहिल्या-दुसऱ्याचे टोक पांढुरके (हवा जास्त, पेट्रोल कमी मिळाल्याची खूण), तर तिसऱ्या-चौथ्याचे नेहमीच्या बिस्किटी रंगाचे दिसले, तर मी कार्बोरेटरला हातही लावत नाही. कार्बोरेटर एकच आहे. तो चौघांनाही सारखेच मिश्रण देतो. त्याच्या थ्रॉटल स्पिंडलची (हवेची झडप फिरवणाऱ्या दांड्याची) भोके झिजून हवा शिरत असेल तर चारही प्लग कमीअधिक पांढरे पडतील. जोडी बिघडली तर सांधा, चौघे बिघडले तर कार्बोरेटर किंवा त्याच्या बुडाशी असलेला ठोकळा, हा नियम या इंजिनापुरता फार उपयोगी आहे.

हा दोष स्लोवरच का जाणवतो, हेही सांगायला हवे. थ्रॉटल मिटलेले असताना मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम सर्वाधिक असतो आणि इंजिन घेत असलेली एकूण हवा अगदी थोडी असते, त्यामुळे फटीतून शिरणारी हवा त्या थोड्या हवेच्या मानाने मोठी ठरते आणि मिश्रण पातळ होते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते. पाय दाबला की व्हॅक्यूम कमी होतो, एकूण हवा वाढते आणि तीच फट नगण्य होते. म्हणून अशी गाडी कागलच्या पुढे हमरस्त्यावर सुरळीत धावते, आणि गावात शिरल्यावर नको करून सोडते. आंबा घाट उतरताना पाय उचललेला असतो, तेव्हा सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येत असेल तर तेही पातळ मिश्रणाचे लक्षण असू शकते. मात्र एक्झॉस्टच्या सांध्यातून बाहेरची हवा शिरली तरी असाच आवाज होतो, म्हणून केवळ त्यावर निष्कर्ष काढू नये.

मॅनिफोल्डवर प्लग लावून बंद केलेले छिद्र असेल तर तिथे व्हॅक्यूम गेज लावता येतो. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन स्लोवर साधारण १७ ते २१ इंच पारा दाखवते, पण दर तीनशे मीटर उंचीला सुमारे एक इंच कमी होतो. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोडे उंच आहे, त्यामुळे इथे १५ ते १९ हेच निरोगी मानले पाहिजे. मुंबईच्या आकड्यांशी तुलना करून चांगल्या इंजिनाला आजारी ठरवण्यात अर्थ नाही.

खात्री करण्यासाठी मी तेलाच्या डबीने सांध्याच्या वरच्या कडेला जाडसर इंजिन ऑइल सोडतो. फट असेल तर तेल ती क्षणभर बुजवते, इंजिनाचा आवाज सावरतो आणि थोड्या वेळाने सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. अनेक ठिकाणी हीच परीक्षा कार्बोरेटर क्लीनरच्या फवाऱ्याने, आणि क्वचित चक्क पेट्रोलने केली जाते. या इंजिनावर ती कधीही करू नये. इनटेकच्या दोन तोंडांच्या दोन्ही बाजूंना एक्झॉस्टच्या तापलेल्या शाखा आहेत, आणि फवारलेले पेट्रोल थेट त्यांच्यावर पडते. गाडी पेटण्यासाठी याहून अनुकूल मांडणी शोधून सापडणार नाही.

काढण्याचे काम घाईचे नाही. आदल्या संध्याकाळी सर्व नटांवर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे. दुसऱ्या दिवशी बॅटरीचे अर्थचे टोक आधी काढावे, एअर क्लीनर उतरवावा, पेट्रोलचा पाइप काढून त्याचे तोंड बंद करावे, मग चोकची केबल, थ्रॉटलचा दांडा आणि डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी सोडवावी. एस.यू. कार्बोरेटर उतरवताना तो उभाच धरावा, कारण वरच्या डॅशपॉटमध्ये तेल असते. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णता अडवणारा जाड ठोकळा असतो. तो तडकलेला किंवा वाकलेला नाही हे त्याच वेळी पाहून घ्यावे. मराठवाड्यात किंवा विदर्भात उन्हाळ्यात गाडी चालवणाऱ्यांनी तर हा ठोकळा कधीही वगळू नये, नाहीतर थांबलेल्या गाडीत फ्लोट चेंबरमधले पेट्रोल उकळू लागते.

या गाडीत इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड मध्यभागी एकमेकांना बोल्टने जोडलेले आहेत. एक्झॉस्टची ऊब इनटेकच्या तळाला मिळावी आणि थंड इंजिनात पेट्रोलचे थेंब भिंतींवर साचू नयेत, हा त्यामागचा हेतू. परिणामी एकटे इनटेक निघत नाही. सायलेन्सरचा पुढचा पाइप एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून सोडवून दोन्ही एकत्रच हेडवरून बाहेर ओढावे लागतात.

पान्यांविषयी एक गोष्ट ठासून सांगतो. या इंजिनाचे नट इंची मापाचे आहेत. मॅनिफोल्डच्या नटांना अर्ध्या इंचाचा, म्हणजे १२.७ मिलिमीटरचा रिंग पाना लागतो. आजच्या गॅरेजमध्ये हाताशी असलेला १३ नंबरचा पाना त्यावर सैल बसतो, गंजलेल्या नटाचे कोपरे खातो आणि मग तो नट छिन्नीनेच काढावा लागतो. नट आधी किंचित आवळण्याच्या दिशेने हलवावा, गंजाची पकड सुटल्याची जाणीव झाली की उलट फिरवावा. नटाबरोबर स्टडच (हेडमध्ये रोवलेला आट्यांचा दांडाच) बाहेर आला तर वाईट वाटून घेऊ नये; तो तुटण्यापेक्षा फार चांगले. तुटलाच तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातले वेल्डर उरलेल्या खुंटावर नवा नट वेल्ड करतात आणि तो गरम असतानाच हळूहळू फिरवून बाहेर काढतात. वेल्डिंगची उष्णता गंज मोडते, त्यामुळे ड्रिल मारण्यापेक्षा ही पद्धत मला नेहमी श्रेयस्कर वाटली आहे.

मॅनिफोल्ड बाहेर आल्याबरोबर हेडच्या पाचही तोंडांत स्वच्छ कापडाचे बोळे घालावेत आणि किती घातले ते लिहून ठेवावे. आत पडलेला एक वॉशर व्हॉल्व्हखाली गेला तर हेड उतरवण्याचे काम वाढते. जुने पॅकिंग खरवडताना मात्र घाई जिवावर बेतू शकते. त्या काळातील पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी असते. ते पाण्याने भिजवून, तोंडाला चांगला मास्क लावून, बोथट पात्याने ओलेच काढावे. कोरड्या पॅकिंगवर वायर ब्रशचे मशीन फिरवणाऱ्या मिस्त्रींना मी प्रत्येक वेळी थांबवतो, त्यांना राग आला तरी.

आता या कामातला खरा भाग. हेडवरचे काही स्टड एकाच वेळी दोन मॅनिफोल्ड दाबून धरतात. स्टडच्या एका बाजूला इनटेकचा फ्लँज (हेडला टेकणारी सपाट कड) असतो, दुसऱ्या बाजूला एक्झॉस्टचा, आणि दोहोंवर पूल टाकल्याप्रमाणे एक मोठा जाड वॉशर बसतो. त्यावर एकच नट. हा वॉशर दोन्ही फ्लँजना सारखा दाब तेव्हाच देतो, जेव्हा दोन्ही फ्लँजची जाडी सारखी असते. एक फ्लँज अर्धा मिलिमीटर जरी पातळ असला तरी वॉशर तिरका बसतो, सगळा दाब जाड फ्लँजवर जातो आणि पातळ फ्लँज नुसता पॅकिंगला टेकून राहतो. नट कितीही आवळला तरी यात फरक पडत नाही. उलट जास्त आवळल्याने फ्लँजचा कान तुटतो.

पन्नास वर्षांच्या गाडीत हा फरक निर्माण होण्याची कारणे साधी आहेत. मॅनिफोल्ड कधी ना कधी घासून सपाट केलेले असते आणि घासताना दोघांची जाडी जुळते का हे कुणी पाहिलेले नसते. एक्झॉस्ट तडकल्यामुळे दुसऱ्या गाडीचे बसवलेले असते. माझ्या गाडीत व्हर्नियरने मोजल्यावर इनटेकचा फ्लँज एक्झॉस्टपेक्षा जवळपास ०.४ मिलिमीटर पातळ निघाला. मागच्या जोडीचे प्लग पांढरे का पडत होते याचे उत्तर त्या एका मोजमापात होते. नवे पॅकिंग त्याआधीही लागले होते, आणि ते उत्तम स्थितीत होते.

धातूंचा स्वभावही लक्षात घ्यायला हवा. इनटेक ॲल्युमिनियमचे, एक्झॉस्ट आणि हेड बिडाचे. ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. अडीचशे मिलिमीटर लांबीचे मॅनिफोल्ड साठ अंशांनी तापले तर ते बिडापेक्षा सुमारे ०.१८ मिलिमीटर अधिक लांब होऊ पाहते. प्रत्येक वेळी गाडी तापते आणि निवते तेव्हा हा सांधा पॅकिंगवर इतका सरकतो. म्हणून इथे सिलिकॉनची पेस्ट फासून फट बुजवणे टिकत नाही. पेट्रोल ती मऊ करते आणि हे सरकणे तिला सोलून काढते. सपाट पृष्ठभाग, योग्य पॅकिंग आणि सारखा दाब यांना पर्याय नाही.

तपासणीची पद्धत अशी. हेडचा पृष्ठभाग आणि जोडलेल्या दोन्ही मॅनिफोल्डचा पृष्ठभाग स्वच्छ करून त्यांवर स्ट्रेट एज (अचूक सरळ पट्टी) ठेवावी आणि खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचे माप) घालून पाहावे. ०.१ मिलिमीटरची पाती कुठेही सहज आत जात असेल तर मी पृष्ठभाग मशीनवर देतो. देताना दोन्ही मॅनिफोल्ड सुटी देऊ नयेत. ती आधी हेडवर हलकेच बसवून, मधला सांधा त्याच स्थितीत आवळून, मग एकसंध अशी जोडी मशीनवर चढवावी आणि पाचही तोंडे एकाच बैठकीत घासून घ्यावीत, म्हणजे ती एका पातळीत येतात. पण एवढ्याने काम संपत नाही, कारण मागच्या बाजूने वॉशरची बैठक अजूनही वरखाली असू शकते. जाड फ्लँजची बैठक मिलिंगवर तेवढीच खाली उतरवून घेणे हा उत्तम उपाय. ते शक्य नसेल तर लेथवर पायरीचे वॉशर करून घ्यावेत. कोल्हापूरकरांचे भाग्य असे की शिवाजी उद्यमनगरात हे काम समजणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ऑइल इंजिनांच्या आणि ओतकामाच्या परंपरेत वाढलेल्या कारागिराला बिडाचा फ्लँज दाखवला की पुढचे फारसे सांगावे लागत नाही.

मॅनिफोल्ड बदलायचेच असेल, म्हणजे कान तुटला असेल किंवा तडा गेला असेल, तर जुन्या भागांसाठी पुण्याच्या नाना पेठेत, मुंबईत ऑपेरा हाउसच्या परिसरात आणि कोलकात्याच्या मल्लिक बाजारात चौकशी करावी. माझे मत विचाराल तर कंपनीच्या काळातले वापरलेले मॅनिफोल्ड, सपाट करून घेतलेले, हे निनावी नव्या ओतीव भागापेक्षा अधिक भरवशाचे. नवे घेतलेच तर आतल्या वाटांमध्ये ओतकामाची वाळू चिकटलेली नाही ना, हे तारेने आणि दाबाच्या हवेने नीट साफ करून पाहावे. ती वाळू सरळ सिलिंडरमध्ये जाते. पॅकिंग तोंडांवर ठेवून त्याची कड वाटेत आत डोकावत नाही ना, हेही पाहावे. लहानसा तडा असेल तर आर्गन वेल्डिंगने बुजवता येतो, मात्र वेल्डिंगनंतर पृष्ठभाग पुन्हा घासावाच लागतो, कारण ॲल्युमिनियम त्या उष्णतेने वाकते.

बसवताना पाचही तोंडांचे एकसंध पॅकिंग घ्यावे. त्याची एक बाजू पत्र्याची असेल तर ती मॅनिफोल्डकडे आणि मऊ बाजू हेडकडे ठेवावी. स्टडचे आटे साफ करून नवे पितळी नट वापरावेत. पितळ बिडाच्या उष्णतेतही धरून बसत नाही आणि पुढच्या वेळी काम करणाऱ्याचा दुवा मिळतो. कापडाचे बोळे मोजून बाहेर काढावेत. दोन्ही मॅनिफोल्डमधला मधला सांधा या वेळी सैलच ठेवावा. सगळे नट हाताने टेकवून घ्यावेत, मग मधल्या नटांपासून दोन्ही टोकांकडे जात, दोन-तीन फेऱ्यांमध्ये थोडे थोडे आवळत सुमारे १५ पाउंड-फूट, म्हणजे २० न्यूटन-मीटरपर्यंत न्यावेत, आणि त्यानंतरच मधला सांधा घट्ट करावा. हा क्रम उलटा झाला तर आधीच आवळलेली जोडी हेडवर ताणून बसते आणि एखादे तोंड उचललेलेच राहते. लांब दांड्याच्या पान्याने हाताच्या अंदाजावर आवळणाऱ्या अनुभवी मिस्त्रींविषयी मला आदर आहे, पण या सांध्याला टॉर्क रेंच वापरावा असेच मी म्हणेन.

कार्बोरेटर बसवताना ठोकळ्याच्या दोन्ही बाजूंना नवे पातळ पॅकिंग घालावे आणि डॅशपॉटमध्ये तेल भरावे. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर मिक्श्चर जुळवावे, कारण फट असताना कुणीतरी ते जाड करून ठेवलेले असणार. एस.यू.मध्ये कार्बोरेटरच्या आतला (इंजिनाचा नव्हे) पिस्टन सुमारे ०.८ मिलिमीटर उचलून पाहतात. उचलल्यावर इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर मिश्रण जाड आहे, इंजिन लगेच मंदावले किंवा बंद पडले तर पातळ आहे, आणि क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाले तर बरोबर. जेटचा नट खाली फिरवला की मिश्रण जाड होते. एका वेळी तो नट त्याच्या एका पैलूइतकाच फिरवावा आणि इंजिनाला सावरायला वेळ द्यावा.

आज पंपांवर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे या जुळवणीत भर पडली आहे. निव्वळ पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे १९७२ सालच्या सुईने आणि जेटने मोजलेले इंधन आज मुळातच काही टक्के पातळ पडते, आणि पूर्वी जी बारीक फट इंजिन निभावून नेत असे, ती आता स्लोवर लगेच जाणवते. जुन्या गाड्या अलीकडे एकाएकी नाठाळ झाल्या असे वाटणाऱ्यांनी सांधा आधी तपासावा, मग मिश्रण थोडे जाड करावे, आणि त्याच वेळी पेट्रोलच्या रबरी नळ्याही इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या घालून घ्याव्यात, कारण जुने रबर त्याने लवकर फुगते आणि तडकते.

गाडी काही वेळा पूर्ण तापून निवल्यानंतर, इंजिन थंड असताना, सगळे नट त्याच क्रमाने पुन्हा एकदा टॉर्कवर तपासावेत. नवे पॅकिंग थोडे बसते आणि नट किंचित फिरतात. त्यानंतर शे-दोनशे किलोमीटर चालवून चारही प्लग काढावेत आणि क्रमाने मांडून पाहावेत. चौघांचा रंग सारखा असेल तर काम झाले. एखादी जोडी अजून वेगळी दिसत असेल तर कार्बोरेटरला हात न लावता त्या जोडीच्या तोंडावरचे वॉशर काढून त्यांच्या खालच्या बाजूवरील दाबाच्या खुणा पाहाव्यात. खूण वॉशरच्या एकाच अर्ध्यावर उमटली असेल तर फ्लँजची जाडी अजून जुळलेली नाही, आणि ती जोडी पुन्हा मशीनवर न्यावी लागेल.